आधी बोर्डाला विचार

तायडे मॅडम गेल्याचं मला शिंदे मामांकडून कळलं. कोथरूडच्या ज्या कॉलेजात मी पहिली नोकरी केली, तिथले ते शिपाई. निवृत्त होऊन आता मुळशीकडे गावी असतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. मॅडम अमरावतीला लेकीकडे होत्या, तिथेच गेल्या, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "त्या तुमची आठवण काढायच्या का न्हाई, मला ठावं न्हाई. पण मला पहिली तुमचीच आठवण आली."

मी खराडीतल्या एका कंपनीत संगणकांची देखभाल करतो. त्याच दिवशी संध्याकाळी शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, घरी डेस्कटॉप जुळवतोय, मेमरी कोणती घेऊ. मी लगेच विचारलं, मदरबोर्डाचा नंबर काय. तो म्हणाला, बोर्ड अजून घेतलेला नाही, मेमरीवर सूट चालू आहे म्हणून आधी ती घेऊन ठेवतोय. मी त्याला पाऊण तास समजावत बसलो. घरी जाताना लक्षात आलं की त्या पाऊण तासात मी बोललेलं एकही वाक्य माझं नव्हतं.

मी मूळचा मेहकरचा. वडिलांचं बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या दुकानात कोणत्याही सायकलीचा भाग कोणत्याही सायकलीला बसायचा. नाही बसला तर कानस होती, आणि कानशीने नाही जमलं तर हातोडी होती. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पदवी घेऊन पुण्यात आलो तेव्हा कागदावर संगणकशास्त्र होतं, पण हातात वडिलांचीच विद्या होती. बसवलं की बसतं, असं मला मनापासून वाटायचं. कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळाली, अकरा महिन्यांच्या करारावर. प्रयोगशाळेच्या प्रमुख तायडे मॅडम.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात मेमरीची एक हिरवी पट्टी ठेवली आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, आठ जीबीची रॅम. त्या म्हणाल्या, "ते वर लिहिलंय. मी विचारतेय, कुणाची?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी मला टॉर्च दिला आणि समोरच्या संगणकाचं कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर बारीक अक्षरात छापलेला नंबर वाचायला सांगितलं. मी टेबलाखाली आडवा होऊन तो वाचला. मग त्यांनी कपाटातून एक जाड फाइल काढली. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या, आपल्या बोर्डावर कोणकोणत्या मेमरी तपासून पाहिल्या त्याची यादी प्रसिद्ध करतात. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बोर्डाची ती यादी मॅडमनी छापून, भोकं पाडून लावून ठेवली होती. माझ्या हातातल्या पट्टीचा नंबर त्या यादीत नव्हता. "म्हणजे ही याची नाही," त्या म्हणाल्या. "मेमरी घेताना दुकानदाराला नाही विचारायचं. आधी बोर्डाला विचार."

मॅडम तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. ठेंगण्या, सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा. येरवड्याहून दोन बस बदलून यायच्या आणि तरी प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला शिंदे मामांच्या आधी दाराशी उभ्या असायच्या. कॅबिनेट उघडण्याआधी त्या हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून टेबलावर रुमालात ठेवायच्या. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला तळहात लावायच्या. अंगातली वीज मेमरीत जाऊ नये म्हणून हे करतात, पण मी ते पुस्तकात वाचलं होतं, करताना कुणाला पाहिलं नव्हतं. पट्टी नेहमी कडेने धरायच्या, ओल्या फोटोला बोट लागू नये म्हणून धरतात तशी. ती बसवताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्यांचा टक असा आवाज आला की मान हलवायच्या. एकच आवाज आला तर पट्टी काढून परत बसवायच्या.

तेवढ्यावर काम संपायचं नाही. पट्टी बसली, संगणक सुरू झाला, पडद्यावर आठ जीबी दिसली, की माझ्या लेखी विषय संपला. त्यांच्या लेखी तो तिथे सुरू व्हायचा. पेनड्राइव्हवर मेमरी तपासायचा प्रोग्रॅम होता. तो मेमरीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि लिहिलेलं तेच वाचलं गेलं का ते बघतो. अशा तीन फेऱ्या पूर्ण व्हायला आमच्या संगणकांवर जवळपास पाच तास लागायचे. मेमरी बदललेल्या प्रत्येक संगणकावर त्या तीन फेऱ्या करायलाच लावायच्या. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला असायचा. त्यावर बोर्डाचा नंबर, पट्ट्यांचे नंबर, चाचणी कधी सुरू झाली, कधी संपली, चुका किती आणि तपासणाऱ्याची सही. मी एकदा म्हणालो, चालू तर झालाय मॅडम. त्या म्हणाल्या, "बसली म्हणजे जुळली असं नाही. दोन पट्ट्या शेजारी बसून महिनाभर नीट वागतात आणि नेमक्या कामाच्या दिवशी भांडतात."

कॉलेजातले बाकीचे या सगळ्याची चेष्टा करायचे. वाणिज्य विभागातले एक प्राध्यापक तर प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून विचारायचे, काय मॅडम, आज कुणाकुणाच्या पत्रिका जुळवल्या. मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "आमच्यात पत्रिका बघत नाहीत सर. मी यादी बघते." त्यांच्या घराण्याने आजोबांच्या काळात बौद्ध धम्म स्वीकारला होता हे मला नंतर कळलं. सरांना ते आधीपासून माहीत असावं, कारण ते थोडे वरमले आणि परत ती चेष्टा केली नाही.

हेच प्राध्यापक एकदा घरच्या संगणकासाठी मेमरी कोणती घ्यावी ते विचारायला आले. मॅडमनी बोर्डाचा नंबर विचारला. सर म्हणाले, नंबर वगैरे माहीत नाही, काळा बोर्ड आहे. मॅडम म्हणाल्या, "चष्म्याच्या दुकानात जाऊन तुम्ही 'एक मोठा चष्मा द्या' असं म्हणता का?" सर रागावून गेले आणि थेट दुकानातून मेमरी घेऊन आले. ती नव्या पिढीची होती, त्यांचा बोर्ड जुना. दोन्हींच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, म्हणून ती बसेना. सरांनी जोर लावला आणि खिट्टी तुटली. चार दिवसांनी ते अख्खा संगणक रिक्षात घालून घेऊन आले. तुटकी खिट्टी सोडून शेजारच्या खोबणीत पट्टी बसवली तरी काम भागतं हे मॅडमनी बघून घेतलं, यादीतून तीन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिले आणि यातली जी मिळेल ती आणा म्हणाल्या. सर गेल्यावर मी हसलो. त्या म्हणाल्या, "हसू नको. तूसुद्धा हेच केलं असतंस, फक्त तुझा जोर जास्त आहे."

आम्ही दोघं विदर्भाकडचे हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यांचं पुण्यात आयुष्य गेलेलं, बोलणं अगदी शहरी. पण चिडल्या की तोंडून वऱ्हाडी निसटायची. "काऊन रे?", म्हणजे का रे, असं ऐकू आलं की मी हातातलं काम सोडून सरळ उभा राहायचो.

एका रविवारी त्यांनी मला येरवड्याला जेवायला बोलावलं. दोन खोल्यांचं घर. त्यांचे यजमान कारखान्यातून निवृत्त झालेले, मशिनच्या आवाजाने कान गेलेले. त्यांच्यासाठी मॅडमनी स्वतः एक डेस्कटॉप जुळवला होता. त्यावर ते सिनेमे खाली उमटणारी अक्षरं वाचून बघत. आधी प्रोसेसर आणि बोर्ड ठरवला, मग बाकीचं, आणि मेमरी सगळ्यात शेवटी, एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्या. यजमानांनी मला मोठ्या आवाजात सांगितलं की लग्नाला तेहतीस वर्षं झाली पण मला पसंत करताना हिनं एवढा वेळ घेतला नव्हता. मॅडम भाकरी वाढत होत्या. त्या मला म्हणाल्या, "तेव्हा यादी नव्हती." यजमानांनी ते ओठांवरून ओळखलं आणि दोघंही हसले.

जेवण झाल्यावर मी धीर करून विचारलं. मला वाटत होतं की या काटेकोरपणामागे काहीतरी असणार. कधीतरी त्यांचं स्वतःचं काही बुडालं असेल, परीक्षा गेली असेल, एखादी नोकरी हुकली असेल. मी म्हणालो, मॅडम, तुमच्या बाबतीत कधी काही झालं होतं का. त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं.

"काही झाल्यावरच नीट वागायचं असतं का?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या या वाक्याचा अर्थ मला पुढच्या उन्हाळ्यात कळला.

त्या वर्षी कॉलेजने प्रयोगशाळेतल्या चाळीसही संगणकांची मेमरी वाढवायचं ठरवलं. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एका वेळी तीन-तीन प्रोग्रॅम उघडावे लागत आणि जुने संगणक धापा टाकत. मॅडमनी यादी बघून मागणी लिहून दिली. पण पुरवठादाराकडे सांगितलेल्या पट्ट्या नऊने कमी पडल्या आणि त्याने त्या नऊ दुसऱ्याच कंपनीच्या दिल्या. मॅडमनी त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या. परत पाठवायला वेळ नव्हता, परीक्षा मंगळवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी त्यांच्या आईची तब्येत बिघडल्याचा निरोप आला आणि त्यांना अमरावतीला जावं लागलं. जाताना त्यांनी मला तीनदा सांगितलं. या नऊ यादीतल्या नाहीत. जुन्या पट्टीशेजारी यांच्यातली एकेक बसव, पण प्रत्येक संगणकावर तीन फेऱ्या पूर्ण कर. एक चूक जरी दिसली तरी नवी काढून टाक आणि तो संगणक जुन्याच मेमरीवर चालू दे. हळू चालला तरी हरकत नाही.

शुक्रवारी मी एकाच वेळी सहा संगणकांवर चाचणी लावली. सहाही पास, चुका शून्य. उरलेल्या तीन संगणकांवर मुलं सराव करत होती. शनिवारी साडेतीनला ती उठली तेव्हा मी त्यात पट्ट्या बसवल्या. तिन्ही सुरू झाले, तिन्हींवर आठ जीबी दिसली. साडेपाचला शिंदे मामा कुलूप घेऊन उभे राहिले. कुलूप लावताना ते प्रयोगशाळेचा मुख्य वीजपुरवठाही बंद करत, त्यामुळे चाचणी लावून ठेवून जाणं शक्य नव्हतं. मी विचार केला, एकाच डब्यातल्या सहा पट्ट्या चांगल्या निघाल्या, तर या तीन कशाला वाईट निघतील. मी तिन्ही कागदांवर लिहिलं: सुरू दुपारी बारा, समाप्त पाच, फेऱ्या तीन, चुका शून्य. खाली सही केली. तेव्हा मला ते खोटं लिहिणं वाटलं नाही. फॉर्म पूर्ण करणं वाटलं.

सोमवारी मॅडम स्टेशनवरून सरळ कॉलेजात आल्या, हातात प्रवासाची पिशवी. पहिला प्रश्न हाच. "नऊच्या नऊ केल्यास?"

मी म्हणालो, हो मॅडम.

त्या बरं म्हणाल्या. सोमवारचा अख्खा दिवस प्रयोगशाळा रिकामी होती. मी खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत तिन्ही संगणक तपासून झाले असते.

मंगळवारी परीक्षा संपायला पंचवीस मिनिटं असताना सत्ताविसाव्या संगणकाचा पडदा निळा झाला आणि तो बंद पडला. तिथे अश्विनी साबळे बसली होती. पौडच्या पुढच्या एका गावातून रोज बसने येणारी, वर्गात फारसं न बोलणारी मुलगी. ती त्या विषयात एकदा नापास झालेली होती, आणि जुलैपासून तिला एका कंपनीत नोकरी मिळणार होती ती या निकालावर. संगणक पुन्हा सुरू केला तर तिची फाइल होती, पण उघडली की आत नुसता कचरा. तिने सेव्ह केलं होतं, दर थोड्या वेळाने केलं होतं. मेमरीच बिघडलेली असेल तर सेव्हही बिघडलेलंच होणार. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फाइल बघितली आणि विचारलं, यात मी काय तपासू. अश्विनी रडली नाही. ती उभी राहून पडद्याकडे बघत राहिली.

सगळे गेल्यावर मॅडमनी बांगड्या काढल्या आणि त्या संगणकावर चाचणी लावली. वीस मिनिटांत पडद्यावर चुकांच्या लाल ओळी उमटायला लागल्या. एक, मग दहा, मग पडदाभर. मॅडमनी कॅबिनेट उघडून आतला कागद वाचला. माझं अक्षर होतं. मग त्या टेबलाशी गेल्या आणि शनिवारच्या सरावाचं हजेरीपत्रक काढलं. साडेतीनपर्यंत कोण कोणत्या संगणकावर होतं ते त्यात लिहिलेलं होतं. त्यांनी ते बघितलं, परत ठेवलं आणि मला काहीही विचारलं नाही. बाकीच्या आठ पट्ट्या त्यांनी स्वतः काढल्या आणि डब्यात ठेवल्या.

बुधवारी प्राचार्यांनी बोलावलं. पुढच्या महिन्यात विद्यापीठाची समिती कॉलेज बघायला येणार होती. प्राचार्यांचं म्हणणं असं की परीक्षकांच्या अहवालासोबत कॉलेजचं जे पत्र जाईल त्यात 'विद्यार्थिनीकडून फाइल व्यवस्थित जतन झाली नाही' असं लिहावं. तसं गेलं असतं तर अश्विनी नापास. प्रयोगशाळेचा संगणक सदोष होता असं लेखी गेलं तरच विद्यापीठ तिची परीक्षा पुन्हा घेणार होतं. पत्र गुरुवारी दुपारपर्यंत जायचं होतं. मॅडम म्हणाल्या, उद्या देते. मी त्यांच्या मागे उभा होतो. बुधवारचा दिवस मी काही बोललो नाही. माझा करार जूनमध्ये संपत होता. धाकट्या बहिणीचा कॉलेजात प्रवेश व्हायचा होता आणि वडिलांनी गावात सगळ्यांना सांगितलं होतं की मुलगा पुण्याच्या कॉलेजात आहे.

गुरुवारी सकाळी दहाला मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. तीन संगणकांची चाचणी मी केली नव्हती. कागदावर खोटं लिहिलं.

मॅडमनी चष्मा काढला. "काऊन रे?" त्या म्हणाल्या, पण या वेळी आवाज चढलेला नव्हता.

मी म्हणालो, सहा चांगल्या निघाल्या होत्या.

"चाचणीला पाच तास लागतात," त्या म्हणाल्या. "तुला हे सांगायला दोन दिवस लागले. मी बारा वाजेपर्यंत थांबणार होते."

म्हणजे त्यांना मंगळवारीच कळलं होतं. मला वाटलं, आता त्या म्हणतील की जाऊ दे, मी बघते. खरं सांगायचं तर मी त्याच आशेने उभा होतो. त्या प्रमुख होत्या, कायम नोकरीत होत्या. 'चूक माझी' एवढं त्यांनी लिहिलं असतं तर मी वाचलो असतो. त्यांनी माझ्याकडे कोरा कागद सरकवला. म्हणाल्या, "बस. जसं झालं तसं लिही. मी खोटं लिहिणार नाही. तुझ्या विरुद्ध नाही आणि तुझ्या बाजूनेही नाही."

मी लिहिलं. दोनदा खोडलं. त्यांनी वाचलं, एका ठिकाणी 'नजरचुकीने' असा शब्द होता त्यावर बोट ठेवलं आणि काढ म्हणाल्या. मग खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं की यादीबाहेरची मेमरी बसवण्याचा निर्णय माझा, सहायकाने केलेल्या चाचणीची मी खात्री करून घेतली नाही, विद्यार्थिनीचा यात कोणताही दोष नाही, तिची परीक्षा पुन्हा घ्यावी. सही केली आणि आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो.

प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं. ते वाईट माणूस नव्हते. ते मॅडमना म्हणाले, तुमच्या निवृत्तीला आता थोडेच महिने राहिले, इतकी वर्षं जपलेल्या लॅबचं नाव शेवटी स्वतःच्या हाताने खराब करून जाणार का.

मॅडम म्हणाल्या, "नाव लॅबचं जाईल सर. वर्ष तिचं जाईल."

पत्र गेलं. त्याचा परिणाम झाला तो सगळ्यांवर झाला. माझा करार पुढे वाढला नाही. मॅडमकडून प्रयोगशाळेचा कारभार काढून घेतला आणि त्यांना जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत बसवलं. तेवीस वर्षं ज्या खोलीचं कुलूप त्यांनी उघडलं, तिची किल्ली त्यांनी एका सकाळी शिंदे मामांच्या हातात दिली. त्याबद्दल त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे इथे लिहायला हवं. मला वाटायचं, त्यांच्या एका वाक्याने माझी नोकरी राहिली असती. पुढे खराडीच्या कंपनीत मुलाखतीला गेलो तेव्हा आधीची नोकरी का सुटली असं विचारलं. मी जसं झालं तसं सांगितलं. 'नजरचुकीने' हा शब्द वापरला नाही. त्यांनी मला घेतलं. का घेतलं ते त्यांना माहीत, पण तो शब्द न वापरता मला बोलता आलं, ते मॅडमच्या टेबलावर शिकलो होतो.

मॅडमना मी शेवटचं बघितलं ते अश्विनीच्या फेरपरीक्षेच्या दिवशी. मी तेव्हा कॉलेजात नव्हतो, अनुभवाचं प्रमाणपत्र घ्यायला आलो होतो. कचेरीतून सांगितलं, तासाभराने या. मी वर प्रयोगशाळेकडे गेलो. बाहेरच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पाठ ताठ. प्रकरणाशी संबंध असल्याने परीक्षेच्या वेळी त्यांना आत जायची परवानगी नव्हती. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. त्यांनी मान वळवून बघितलं आणि विचारलं, जेवलास का. मी हो म्हणालो.

थोड्या वेळाने अश्विनी आली. दारातून तिने आत पाहिलं आणि तिथेच थबकली. नव्या प्रमुखांनी तिच्यासाठी सत्ताविसावाच संगणक सुरू करून ठेवला होता. ती मॅडमकडे बघायला लागली.

"बस त्यावर," मॅडम म्हणाल्या. "मीच सांगितलंय तो द्यायला. नव्या पट्ट्या यादीतल्या आहेत. तीन नाही, दहा फेऱ्या केल्यात. प्रमुखांची परवानगी घेऊन, चार दिवस मी स्वतः समोर बसून."

मी माझ्या हातांकडे बघत राहिलो. अश्विनी आत गेली आणि दार लागलं.

तीन तास मॅडम बाकावरून उठल्या नाहीत. शिंदे मामांनी चहा आणला तो त्यांनी बाजूला ठेवला आणि तो तसाच गार झाला. आतून कळफलकाचा आवाज येत होता. मध्येच तो थांबायचा, तेव्हा मॅडमची बोटं पर्सच्या पट्ट्यावर घट्ट व्हायची. आवाज परत सुरू झाला की सैल पडायची. माझं प्रमाणपत्र तयार झाल्याचा निरोप आला, तरी मी उठलो नाही.

दार उघडलं. अश्विनी बाहेर आली, कपाळ घामाने भिजलेलं.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

"झालं मॅडम."

"सेव्ह केलंस?"

"हो."

"बंद करून परत उघडून बघितलंस?"

"दोनदा," ती म्हणाली. "परीक्षक सरांनी पण उघडून बघितलं. सगळं होतं."

मॅडमनी मान हलवली. तिला म्हणाल्या, घरी जा आता, तुझी साडेपाचची बस जाईल. अश्विनी वाकून नमस्कार करायला लागली तर त्यांनी तिला दंडाला धरून उभं केलं. ती जिन्यावरून धावत खाली गेली.

मॅडम उठल्या. इतका वेळ बसून गुडघे आखडले होते, क्षणभर त्यांनी भिंतीला हात लावला. मी म्हणालो, मॅडम, मला तुम्हाला एक सांगायचं होतं.

"तुला जे सांगायचं होतं ते तू लिहून दिलंस," त्या म्हणाल्या. "आता पुढचं काम बघ."

त्या जिना उतरल्या. व्हरांड्याच्या खिडकीतून मला फाटक दिसत होतं आणि पलीकडचा बसथांबा. थांब्यावर अश्विनी उभी होती, मॅडम तिच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. दोघी बोलत नव्हत्या. पौडकडची बस आधी आली. अश्विनी चढली, खिडकीशी जागा मिळवून बसली आणि बस सुटेपर्यंत मॅडमकडे बघत राहिली. बस वळणाआड गेल्यावर मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि आपल्या बसची वाट बघत रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.